देवणीची केंद्रप्रमुख

नांदेडच्या संस्थेत माझं काम एकच. गावोगावच्या कार्यकर्त्या बायांना उद्याच्या केंद्रप्रमुख म्हणून तयार करायचं. देवणीची एक बाई त्यात सगळ्यांच्या पुढं गेली. सुरुवातीला स्वतःचं नाव सांगतानाही तिचा आवाज फुटत नसे. पुढं हीच बाई गावातल्या विधवांना घेऊन तहसीलमध्ये बसली आणि त्यांचं बंद पडलेलं रेशन सुरू करूनच उठली.

संस्थेच्या लातूर केंद्राचे प्रमुख निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी तुम्हीच, असं खुद्द अध्यक्षांनी तिला सांगितलं. घरी मात्र रोज कटकट. बाईमाणसानं एकटीनं लातूरला राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हे नवऱ्याचं पालुपद. ती भांडली. शेवटी सासूच मुलाला म्हणाली, लेकरं मी बघते, तिला जाऊ दे. लातूरला खोलीसुद्धा पाहून झाली.

मग नांदेडला कार्यकारिणीची बैठक झाली. आधी सगळ्यांनी तिची तारीफ केली. नंतर अध्यक्ष म्हणाले की बाई चांगली आहे, पण इंग्रजीत अहवाल लिहिता येत नाही, साहेबलोकांत वेळीअवेळी उठबस करावी लागते. तिच्याच हाताखाली काम शिकलेल्या एका तरुणाला प्रमुख केलं. मी विरोध केला, तर मला भावनेच्या भरात बोलू नका म्हणून सांगितलं. कार्यकारिणीतल्या दोन्ही बाया खाली मान घालून बसल्या होत्या.

फोनवर सांगवेना, म्हणून एसटीनं देवणीला गेले. ती ज्वारी निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं तरी तिचे हात थांबले नाहीत. सासू चहा ठेवायला आत गेली.

ज्वारीतला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, “ताई, मला काही येत न्हाई, हे आधीच सांगायचं होतं. मी घरच्यांशी भांडले नसते.”



नव्या प्रमुखाला गावं दाखवायला ती काही दिवस फिरली. मग नवऱ्यानं, झाली ना हौस पुरी, म्हणून तिला घरी बसवलं. आता ती माझा फोन उचलत नाही.

परवा किनवटला नव्या बायांचं शिबिर होतं. एका पोरसवदा बाईनं विचारलं, “हे शिकून पुढं काय होतंय?”

चहाची सुट्टी करा म्हणाले आणि बाहेर येऊन उभी राहिले. आत परत जावंसं वाटत नव्हतं.