मी सील ठोकलेलं तुडुम

काशीबाई गेल्याचं कार्ड मला चांद्याच्या ऑफिसात मिळालं. त्यांच्या गावच्या सोमा भानारकरनं ते तिथल्या मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं. "काशीबाई गेल्या. तेरवी झाली. तुमाले कळवा असं त्याईनं सांगतलं नव्हतं. मीच कळवून राह्यलो." एवढंच. मी ते दोनदा वाचलं, फाइलीखाली सरकवलं, आणि मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. या बाईंना मी आवडत नव्हतो आणि मलाही त्या आवडत नव्हत्या. मेल्यावर माणसाबद्दल गोड बोलायचा आपल्याकडे रिवाज आहे. काशीबाईंच्या बाबतीत तो पाळायला गेलो तर त्याच मला दारातून हाकलतील.

वडशापासून आठ-दहा मैलांवर त्यांचं गाव. मालगुजारी गेली आणि गावचं तळं सरकारजमा झालं, त्या वेळी त्या भागातल्या तळ्यांवर देखरेख करायला खात्यानं मला पाठवलं. मी सायकलवरून हिंडायचो आणि तळ्याच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, 'सरकारी मालमत्ता' अशा पाट्या रोवायचो. पहिल्याच दिवशी पाळीच्या खालच्या बांधीत धानाच्या रोपांचा रोवणा लावणाऱ्या एका उंच, काटक बाईनं कंबर सरळ करून विचारलं, "पाटी लावली, बरं झालं. पाळीले भोकं पडले ते कोन बुजवन?" मी म्हणालो, खात्याकडे लिहितो. "लिवा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाकल्या. या काशीबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, तळ्याच्या तोंडाशी सात-आठ एकर धान त्या स्वतः करत. लहानपणी बापाबरोबर पाळीवर माती टाकायला जात होत्या, त्यामुळे तळ्याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि हे त्या लपवत नसत. मला त्यांचा राग यायला तेवढंही पुरेसं होतं.

आमच्याकडच्या जुन्या तळ्यांना पाळीच्या पोटातून पाणी सोडायची दगडी वाट असते, तिला तुडुम म्हणतात. तिच्यात पायरीपायरीनं भोकं असतात आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. धानाला पाणी हवं झालं की ढिवरांपैकी, म्हणजे तळ्यात मासे धरणाऱ्यांपैकी, कुणीतरी बुडी मारून सगळ्यात वरचं बूच उपटायचं, पाणी उतरलं की त्याखालचं. त्या वर्षी आश्विनात धान निसवायला आलं होतं आणि पाऊस थांबला होता. मी वरची परवानगी येईपर्यंत तळं उघडू दिलं नाही. परवानगी आली तोवर बांध्यांना भेगा पडल्या होत्या. सोमाचा थोरला भाऊ गना बुडी मारायला उतरला. वरचं बूच फुगून घट्ट बसलं होतं. दोनदा, तीनदा बुडी मारून तो हात हलवत वर आला. मी पाळीवरून म्हणालो, "खालचं काढ."

"साहेब, वरून इतकं पानी असतानी खालचं काढत नसतेत," गना म्हणाला. "पानी ओढून घेते."

मी उन्हात उभा होतो. मला कंटाळा आला होता. सगळं गाव पाळीवर जमलेलं, आणि त्यांच्यासमोर एक ढिवर मला तळ्याची रीत शिकवत होता. मी म्हणालो, "भितोस की काय?" चारचौघांत म्हणालो. गनानं माझ्याकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि खाली गेला. तो आपण होऊन वर आला नाही... बूच निघालं होतं, आणि त्या भोकात त्याचा हात खांद्यापर्यंत ओढला गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी चावडीत बसून अहवाल लिहिला. 'मृताने सूचना न मानता स्वतःच्या बेपर्वाईने खालचे बूच काढले.' काशीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय लिवलं ते वाचा जी," म्हणाल्या. मी वाचलं. का वाचलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "तळं सरकारचं झालं, मंग बुडाला तो कोनाचा?" एवढं बोलून त्या निघून गेल्या. अहवालातलं माझं ते वाक्य खोटं होतं. इतकी वर्षं ते दप्तरात आहे. ते खोटं आहे हे मी इथे, माझ्या नावानिशी लिहितो आहे. खात्याला माझं जे करायचं असेल ते करावं.

त्यानंतर सोमानं बुडी मारणं सोडलं आणि तो मातीत काहीतरी करत बसू लागला. लोक म्हणत, भावामागं याचं डोस्कं फिरलं. त्यानं चिखलाचं लहानसं तुडुम केलं होतं. त्याच्या तोंडावर खाचेत वरखाली सरकणारी फळी, फळीला लांब दांडा, दांडा थेट पाण्याच्या वर. वरूनच फिरवायचं, खाली कुणी जायचं नाही. गावात हे त्यानं सगळ्यांना दाखवलं. शेतकरी म्हणाले, फळी फुटली तर तळं एका दिवसात रिकामं होईल. त्याच्याच जातीतले म्हातारे म्हणाले, तुडुम उघडायचा मान आपला, तो तू लाकडाले देतं का? एकट्या काशीबाई उकिडव्या बसून पाहत राहिल्या. त्यांनी त्या फळीत चार चुका काढल्या. सोमा चिडून उठला, तेव्हा म्हणाल्या, "चिडतं काऊन? चुका काढून राह्यली म्हंजे घेऊन राह्यली."

अशा कामाला जुनं, मुरलेलं सागवान लागतं. जंगलातलं तोडायला परवाना हवा, आणि परवाना माझ्यासारख्यांच्या हातात. काशीबाईंनी आपल्या गोठ्याचं मधलं मयाल, छताची आडवी तुळई, उतरवलं आणि बैल पावसाळाभर पळसाच्या फांद्यांच्या मांडवात बांधले. दांडा वरखाली करायला मळसूत्र हवं होतं, ते वडशाच्या एका धानगिरणीत मोडीत पडलं होतं. मालक देईना. बाई तीन दिवस गिरणीच्या पायरीवर शिदोरी घेऊन बसल्या. चौथ्या दिवशी मालकानंच ते त्यांच्या बैलबंडीत टाकून दिलं. सोमाशी त्या कधी प्रेमानं बोलल्याचं मी ऐकलं नाही. काम बिघडलं की गावाला ऐकू जाईल असं बोलत. पण फळी फुटली तर सगळ्यांत आधी ज्यांचं शेत वाहून जाणार त्या त्याच होत्या, आणि गावसभेत त्यांनी तेच सांगितलं. "बुडालं तं माझं आधी बुडन. तुमी कायले रडून राह्यले?"

उन्हाळ्यात तळं आटल्यावर दोघांनी ती फळी तुडुमाच्या खालच्या तोंडावर बसवली; वरच्या भोकांतली बुचं तशीच ठेवली. मला कळलं तसा मी सायकल मारत गेलो, दांड्याला सुतळी गुंडाळली, लाख वितळवून सील ठोकलं आणि नोटीस लावली. सोमा माझ्या अंगावर आला असता. काशीबाईंनी त्याचा दंड धरला. "त्याले ठोकू दे," म्हणाल्या. "त्याले दुसरं काय येते?"

हे मला लागलं, कारण ते खरं होतं.

मग पुन्हा आश्विन आला. तळं काठोकाठ भरलेलं, धानाला पाणी हवं, आणि ढिवरांतला एकही माणूस पाण्यात उतरायला तयार नाही. सकाळपासून सगळे पाळीवर उभे होते. मी दोघातिघांना नावानं हाक मारली, कुणी हललं नाही. शेवटी लोकांच्या नजरा सोमाकडे वळल्या. ज्या म्हाताऱ्यांनी मानाच्या गोष्टी केल्या होत्या, तेच म्हणाले, "जा बाबू, तुयाच घरचं काम आहे." गनाची बायको राधा तिथेच उभी होती. तिनं दिराच्या सदऱ्याचा शेव मुठीत धरला.

काशीबाई माझ्यासमोर आल्या. "साहेब, तुमी उतरा. नाईतं सील काढा."

मी म्हणालो, "वरून परवानगी मागवतो."

"म्हंजे भेता," त्या म्हणाल्या.

त्यांनी कमरेचा विळा काढला, सुतळी कापली, सील पाण्यात भिरकावलं. सोमानं मळसूत्र फिरवायला घेतलं. पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच झालं नाही, आणि माझ्या मनात, मी कबूल करतो, फळी फुटावी असं आलं. मग पाळीच्या पलीकडे पाटात पाणी खळखळलं. लोक तिकडे धावले. काशीबाई गेल्या नाहीत. त्या दांड्याला हात लावून तो किती थरथरतो ते पाहत होत्या. "खाच ढिली आहे," सोमाला म्हणाल्या. "पुढच्या खेपी नीट कर."

मी त्यांच्याविरुद्ध अहवाल पाठवला. सरकारी सील तोडल्याबद्दल त्यांना तहसिलीत वर्षभर खेटे घालावे लागले, कधी बंडीनं, कधी पायी. माफी लिहून दिली असती तर पहिल्याच दिवशी सुटल्या असत्या. पुढं एक मोठे इंजिनियर आले, त्यांनी तुडुम पाहिलं, वाखाणलं, नकाशा काढून नेला. त्या नकाशावर सोमाचं नाव नव्हतं. ते लिहायचं काम माझं होतं, मी लिहिलं नाही. तेव्हा काशीबाई सोमाला बंडीत घालून आजूबाजूच्या गावांना नेऊ लागल्या. पाळीवर उभ्या राहून सांगायच्या, "हा बनवते. बनवून घ्या, नाईतं मानसं बुडवा." सोमाला काम मिळत गेलं. आज त्याच्या हातची तुडुमं धानोऱ्याकडेसुद्धा आहेत.

माझी बदली झाली तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो होतो. तीच शेवटची भेट. बोलायचं ठरवून गेलो होतो, पण त्यांनी पाण्याचा गडवा समोर ठेवला आणि माझ्याआधी त्याच बोलल्या. "माफी मांगाले आले असान तं मले नोका मांगू. माया कोन मेला? राधाले मांगा." राधाचं घर तिथून वीस पावलांवर होतं. मी पाणी प्यायलो, सायकल काढली आणि वडशाच्या रस्त्याला लागलो.

कार्ड आल्यावर आठवड्यानं मी गावी गेलो. शोकसभा नुकतीच संपली होती. तहसिलीच्या खेपांना ज्यांनी त्यांच्या बंडीला बैल दिला नव्हता, ते भाषणं करून बसले होते. तळ्याला काशीबाईंचं नाव देऊ, असं सरपंच मला म्हणाले. मी म्हणालो, त्या जिवंत असताना तहसिलीत साक्षीला तरी यायचं होतं. ते उठून गेले. मलाही ते बोलायचा अधिकार नव्हता.

काशीबाईंच्या पडवीत सागवानाचे ओंडके भिंतीला टेकवून उभे होते. प्रत्येकावर कोळशानं गावाची खूण, ज्या गावात पुढचं तुडुम बसायचं त्याची. लाकूड सगळीकडून सारखं सुकावं म्हणून रोज सकाळी त्या एकेक ओंडका फिरवत असत, असं सोमानं सांगितलं. आता ते काम राधा करत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि गनाला मी काय म्हणालो होतो, अहवालात काय लिहिलं होतं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण हात थांबले नव्हते.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "मी तईं पाळीवरच होती." हातातला ओंडका भिंतीला टेकवत म्हणाली, "पानी ओढते असं कोनी सांगतलं, तं आयकत जा जी."

मग तिनं पुढच्या ओंडक्याला हात घातला. तो जड होता. मी मदतीला वाकलो, तिनं मानेनंच नको म्हटलं, आणि दोन्ही हातांनी त्याची ओली बाजू उन्हाकडे वळवली.