नोटबुकाच्या डोक्यावरची ओळ

बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पोरापोरींना कंप्युटरवरची आकडेमोड शिकवतो. लग्नाकार्यात हे कुणाला सांगितलं की तो लगेच खिशातून बिघडलेला मोबाइल काढून माझ्या हातात देतो. मला तो दुरुस्त करता येत नाही म्हटल्यावर "मग तिथं शिकवता काय?" असं विचारतो. म्हणून आधीच सांगून टाकतो. आम्ही जे शिकवतो ते नोटबुकात. हे नोटबुक म्हणजे कंप्युटरवरची वहीच, फक्त त्यात मांडलेलं गणित बटण दाबलं की तिथल्या तिथं सुटतं. वहीत एकाखाली एक चौकटी असतात, त्यांना सेल म्हणायचं. काही सेल नुसते लिहिण्याचे: शीर्षक, टिपणं, निष्कर्ष. काही सेल चालवण्याचे: त्यात जे लिहाल ते कंप्युटर हुकूम समजून पाळायला जातो. हा फरक मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवतो, आणि ज्याला तो कळत नाही त्याला वर्गाबाहेर उभं करीन म्हणून दम देतो. त्या हिशेबानं मी आजही बाहेर उभा असायला हवा.

आमचे विभागप्रमुख निपाणीचे. रोज तिथून येऊन-जाऊन करतात आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर असतात. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नाहीत, फक्त आम्ही आत शिरलो की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. पाठीमागं आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पांची श्रद्धा हेडरवर. वहीत काय आहे ते नंतर, वहीच्या वर काय आहे ते आधी. कागदी जर्नलं होती तेव्हा ब्राउन पेपरचं कव्हर, त्यावर लेबल, आणि पानोपानी नाव-नंबर-तारीख असा त्यांचा दंडक होता. पुढं कागद गेले, पण दंडक तसाच राहिला. एके दिवशी खडेबाजारातल्या छापखान्यातून आलेलं कॉलेजचं कोरं लेटरहेड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

"सर, प्रत्येक नोटबुकाच्या डोक्यावर असंच दिसाय पाहिजे. एकदम फिक्स. पोरांनी हलवलं तरी हलाय न्हाय पाहिजे."

मी यादी केली. संस्थेचं बोधचिन्ह, कॉलेजचं नाव, विभाग, विषय, प्रयोगाचा क्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, त्याचा नंबर, मार्गदर्शक म्हणून माझं नाव आणि माझ्या वर आप्पांचं. लग्नपत्रिकेत नवरानवरीपर्यंत पोचायला जितके काका-मामा ओलांडावे लागतात, तितकं ओलांडल्यावर मग खाली कुठं तरी पोराचं गणित सुरू व्हायचं. कुठल्या भाषेतली ओळ वर आणि कुठली खाली, यावर तर आमच्या गावात लई पावसाळे गेलेत. तो विषय आप्पांनी मोठ्या हुशारीनं प्राचार्यांकडे ढकलला.

पहिल्या वर्षी हे हेडर पोरांनीच हातानं टाकायचं ठरलं. मग काय विचारता! संकेश्वरच्या एकानं दहाही नोटबुकांवर प्रयोग क्रमांक एकच ठेवला. विचारलं तर म्हणाला, "सर, वरचं कोण वाचतंय?" एकीनं तारखेच्या जागी 'आज' लिहिलं. ते अर्थात रोज खरंच होतं. आणि निम्म्या वर्गानं एकाच्या फायलीवरून हेडर उचलून आपल्या फायलीवर डकवलं, त्यामुळे एकाच पोराच्या नावावर पंधरा-वीस नोटबुकं जमली. तो पोरगा वर्षभर वर्गात आला नव्हता, तरी सगळ्यात जास्त काम त्याचंच होतं.

इथवर सगळं हसण्यावारी न्यायचं. पण मला राग लवकर येतो, आणि राग आला की मला नियम आठवतात. मी आरडाओरडा केल्यावर बाकीच्यांनी आपापलं हेडर दुरुस्त केलं. सदलग्याच्या एका मुलीनं केलं नाही, कारण त्या आठवड्यात ती तापानं घरी होती. परीक्षेच्या दिवशी तिच्या दोन फायलींवर दुसऱ्याच कुणाचा नंबर निघाला. ती म्हणाली, "सर, वही माझीच हाय, फक्त वरचं तेवढं मैत्रिणीकडून घेतलंय." मी म्हणालो, "वर नंबर दुसऱ्याचा असेल तर वही तुझी कशी?" खालचं एक अक्षरही न वाचता मी त्या दोन फायलींना शून्य दिलं. प्रॅक्टिकलमध्ये ती नापास झाली. डिग्री अडकली. बेंगळूरच्या एका कंपनीनं तिला घ्यायचं कबूल केलं होतं, त्यांनी कळवलं की पुढच्या परीक्षेचा निकाल आणा, तोवर जागा ठेवतो, त्यापुढं नाही.

नंतर कधी तरी मी तिच्या त्या फायली उघडून वाचल्या. सदलग्याहून चिकोडीला येणारी सकाळची बस रोज किती उशिरा येते याची तिनं वर्षभर नोंद ठेवली होती, आणि उद्या ती किती उशिरा येईल याचा अंदाज काढला होता. बाजारच्या दिवशी वेगळा, उसाच्या गाड्या सुरू झाल्यावर वेगळा. असं काम दुसऱ्या कुणाच्या वहीत असणं शक्यच नव्हतं. मला लाज वाटली, पण तोवर निकाल लागून गेला होता, आणि निकाल बदलायला जो अर्ज करावा लागतो त्यात 'माझी चूक झाली' असं लिहावं लागतं. ते मी लिहिलं नाही.

त्याऐवजी मी काय केलं, तर प्रोग्राम लिहिला. चूक कबूल करण्यापेक्षा प्रोग्राम लिहिणं मला नेहमीच सोपं गेलंय. सगळ्या पोरांची नोटबुकं एका जागी गोळा करायची, फायलीच्या नावावरून नंबर ओळखायचा, हजेरीपटातून नाव उचलायचं आणि प्रत्येक नोटबुकाच्या डोक्यावर तयार हेडर बसवायचं. पुन्हा हेडरपायी कुणी नापास व्हायला नको. सुरुवातीला प्रोग्राम जितक्या वेळा चालवला तितकी हेडरं एकावर एक चढली. एका नोटबुकाला तर तीन टोप्या घातल्या गेल्या. मग जुनं हेडर असलं तर ते काढून नवं बसवायची सोय केली. चांगले दोन महिने मी त्यावर खपलो.

पुढच्या वर्षीच्या परीक्षेच्या सकाळी आप्पा लॅबमध्ये आले. स्क्रीनवरचं हेडर त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं आणि माझी छाती फुगायच्या आत म्हणाले, "सगळं बरोबर हाय सर. पण सुरवात मोकळीच की हो! वर श्री न्हाय?"

आमच्याकडे नवी वही कुणी श्रीशिवाय सुरू करत नाही. मराठी घरात करत नाहीत, कन्नड घरातही नाहीत. आमच्या भागात सगळ्यांचं एकमत होईल अशी एवढी एकच ओळ आहे, असं आप्पांचं म्हणणं, आणि मलाही ते पटलं. मी प्रोग्राममध्ये हेडरच्या वर आणखी एक सेल टाकला, त्यात श्री लिहिलं आणि सगळ्या नोटबुकांवरून एकदा प्रोग्राम फिरवला. दोन-चार फायली उघडून पाहिल्या. श्री छान दिसत होता. आप्पांनी मान हलवली. घाईघाईत तो सेल मी लिहिण्याचा न करता चालवण्याचा केला होता, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बाहेरून आलेले परीक्षक धारवाडकडचे, वयानं मोठे, बोलणं कन्नड, पण मराठी सगळं समजायचं. त्यांच्या शेजारी मी. मागच्या वर्षी राहिलेल्यांना आधी बोलवायची पद्धत, म्हणून पहिली सदलग्याची तीच मुलगी आली. परीक्षक म्हणाले, सगळं पहिल्यापासून चालवून दाखव. तिनं बटण दाबलं. नोटबुक पहिल्याच ओळीला थांबलं आणि खाली तांबडा मजकूर आला. श्री हा हुकूम समजून कंप्युटरनं तो पाळायचा प्रयत्न केला होता, आणि 'श्री' या नावाचं आपल्या माहितीत कुणी नाही असं कळवलं होतं. त्या एकमताला हरकत घेणारा तो एकटाच निघाला.

"इदेनव्वा?" परीक्षकांनी विचारलं. हे काय गं?

तिनं तो तांबडा मजकूर वाचला. मग कन्नडमध्येच म्हणाली, "ही ओळ माझी नाही सर."

परीक्षकांनी हेडरकडे बोट केलं. फाइल तुझी, वर नाव तुझं, नंबर तुझा, मग ओळ कुणाची? आणि त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, न चालणाऱ्या नोटबुकाला तुमच्याकडे मार्क किती? नियम माझाच होता. शून्य.

मी समोरच्या चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तेवढ्यात माझ्या मनात सगळं येऊन गेलं: बाहेरचा माणूस, आप्पा दारात उभे, मागं बाकीची पोरं, आणि दर वर्षी पहिल्या तासाला दम देणारा मी. ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्याकडून तिला काही अपेक्षाच उरली नसावी, आणि ते मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

"ती ओळ माझी आहे," मी म्हणालो. "सकाळी मी सगळ्यांच्या नोटबुकांवर टाकली. चुकीच्या सेलात."

"असं होय!" परीक्षक मोठ्यानं हसले. "मग पुसून टाक गं ती."

तिनं पुसली नाही. दोन कळा दाबल्या, तो सेल चालवण्याचा होता तो लिहिण्याचा केला आणि पुन्हा बटण दाबलं. या खेपेला श्री जागच्या जागी राहिला आणि खालचं नोटबुक एका दमात शेवटपर्यंत चाललं. परीक्षकांनी तिला बसच्या त्या अंदाजावर पुष्कळ प्रश्न विचारले. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली, एकदा तर त्यांनाच दुरुस्त केलं. ती चांगल्या मार्कांनी पास होणार हे तिथंच ठरलं. बाकीच्यांच्या नोटबुकांसाठी मी प्रोग्राममधला एक शब्द बदलला आणि तो परत फिरवला. आप्पा माझ्या खुर्चीमागं येऊन हळूच म्हणाले, "सर, श्री चालवायचा नसतोय. नुसता लिवायचा असतोय." हे ते आता निवृत्त होईपर्यंत सांगत राहणार.

परीक्षा संपल्यावर ती व्हरांड्यात थांबली होती. मला वाटलं आभार मानायला थांबली असावी, आणि मी तसा चेहराही करून बाहेर आलो.

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"आज तुम्ही 'ओळ माझी' म्हणालात, त्यांनी लगेच खरं मानलं. तुम्हाला काही दाखवायसुदिक लागलं न्हाय. मागल्या वर्षी मी 'वही माझी' म्हणत होते. तुम्ही फाइल उघडून बघितलीसुदिक न्हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होती. नियम, घाई, सगळ्यांना सारखा न्याय, असं बरंच काही तोंडाशी आलं, पण त्यातलं एकही तिच्यासमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. शेवटी जे अर्जात लिहायला हवं होतं तेच, एक वर्ष उशिरा, तोंडानं म्हणालो.

"माझं चुकलं."

आपल्याकडे मोठा माणूस असं म्हणाला की समोरच्यानं 'छे छे, असू द्या' म्हणायची रीत आहे. मी त्याची वाट बघत उभा राहिलो.

"व्हय सर," ती म्हणाली, "चुकलंच."