गेल्या महिन्यापेक्षा कसं?

आमच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही. कपड्यांवर धूळ बसावी तसे ते बसत जातात, आणि झटकायचे म्हटले तरी जात नाहीत. नारायणगावला जीप भरायची वाट बघत मी आणि जाधवभाऊ चहा घ्यायचो. त्यांना एक आठवायचा, मग मला एक. जीप भरली तरी गोष्ट अर्धीच राहिलेली असायची.

काम काय, ते आधी सांगते. देशातल्या कारखान्यांची तब्येत कशी आहे हे कळावं म्हणून दर महिन्याला ठरलेल्या कारखान्यांना तेच ते प्रश्न विचारतात. उत्पादन गेल्या महिन्यापेक्षा जास्त, तेवढंच, की कमी? नवीन ऑर्डरी? कामगार? कच्चा माल यायला लागलेला वेळ? तीनपैकी एका चौकटीत खूण करायची, बास. सगळ्या खुणा वर जातात, त्यांचा एक आकडा होतो आणि तो टीव्हीवर येतो. जुन्नरची यादी माझ्याकडे, आंबेगावची जाधवभाऊंकडे. मी आळे गावची, नऊ वर्षं हेच करतेय. भाऊ माझ्या कितीतरी आधीपासून. मला काम त्यांनीच शिकवलं.

*

आळेफाट्याजवळ टोमॅटो सॉसचा एक कारखाना आहे. मालक तरुण, दिलीप नावाचा. एरवी मोठ्या आवाजात बोलणारा.

एका वर्षी टोमॅटोचा भाव पार पडला. लोक क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओतून मोकळे होत होते. मी त्याच आठवड्यात त्याच्याकडे गेले. कारखाना जोरात चालू होता, बाहेर ट्रॅक्टरची रांग.

मी विचारलं, "उत्पादन गेल्या महिन्यापेक्षा?"

तो खुर्ची पुढं ओढून कुजबुजला, "जास्त."

"नवीन ऑर्डरी?"

"जास्त. ताई, जरा हळू इचारा."

मी म्हटलं, का हो, चांगलंच तर चाललंय.

त्यानं खिडकीकडं मान केली. रांगेतल्या तिसऱ्या ट्रॅक्टरवर एक म्हातारा डोक्याला टॉवेल गुंडाळून बसला होता.

"आमचे वडील हायेत," तो म्हणाला. "त्यांचाबी माल ह्याच भावानं घ्यायचाय मला."

मी पुढचे प्रश्न विचारले नाहीत, फॉर्म त्याच्याकडे सरकवला. त्यानं खाली मान घालून सगळीकडं ‘जास्त’वर खुणा केल्या.

*

टाळेबंदीतला किस्सा जाधवभाऊंचा. तेव्हा सगळं फोनवर चालायचं. मंचरला एक जण लोखंडी पत्र्याची अवजारं करायचा. त्याचा पत्रा वाटेत कुठंतरी अडकून पडला होता. भाऊंनी विचारलं, माल यायला वेळ जास्त लागला, तेवढाच, की कमी?

"लई जास्त. दीड महिना झाला, पत्ता न्हाई."

भाऊंनी खूण केली. त्या माणसानं सहज विचारलं, "ह्याचं वर काय करत्यात हो?"

भाऊ खोटं बोलत नसत. त्यांनी सांगितलं, की माल उशिरा यायला लागला म्हणजे मागणी वाढली असं धरतात. पुरवणाऱ्याला झेपत नाही, म्हणून उशीर. त्यामुळं उशीर ही चांगली खूण.

मग तो म्हणाला, "म्हंजे भाऊ, मी हितं रिकाम्या शेडमदी बसलोय, आन् त्यानं देशाची तब्येत सुधारली?"

भाऊ म्हणाले, "तेवढ्यापुरती."

"मग ऱ्हाऊ द्या. कुणाची तरी सुधारू द्या."

*

जुन्नरला हसनचाचा आणि त्यांचे मोठे भाऊ, दोघं मिळून विळे, खुरपी, कोयते करायचे. चार माणसं हाताखाली, दोन ग्राइंडर, पत्र्याची शेड. मोठे भाऊ धार लावायचे, हसनचाचा मुठी बसवायचे. मी गेले की चाचा आधी चहा सांगायचे आणि उत्तरं भावाकडं बघून द्यायचे. मोठ्यांनी मान हलवली की ‘जास्त’, नाही हलवली की ‘तेवढंच’. ‘कमी’ त्यांनी कधी लिहू दिलं नाही.

एका महिन्यात गेले तर एकच ग्राइंडर चालू. मी फॉर्म काढला.

"उत्पादन?"

"कमी."

"कामगार?"

"एक कमी."

आमच्या फॉर्मवर तिथं कारण विचारतात. चौकटी तीन: काढलं, स्वतःहून सोडलं, इतर. मी खाली बघूनच वाचून दाखवलं. मग वर बघितलं. भावाच्या स्टुलावर घडी घातलेला एप्रन होता.

"स्वतःहून तो सोडणारा न्हवता, बेटा," चाचा म्हणाले. "इतर लिव."

*

हा जाधवभाऊंच्या घरचा. ते कामावर असताना मी कुणाला सांगितला नाही. आता त्यांनीच सांग म्हटलंय.

वहिनींना आतड्याचं दुखणं निघालं. मंचरच्या दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर फेरीवर आले. त्यांनी विचारलं, "दुखणं कालच्यापेक्षा कसं आहे? जास्त, तेवढंच, की कमी?"

वहिनींनी डॉक्टरांकडं न बघता भाऊंकडं बघितलं. कुणी ‘जास्त’ सांगितलं की भाऊ खात्रीसाठी घरून पुन्हा फोन लावून हाच प्रश्न विचारायचे, ते त्यांनी इतकी वर्षं ऐकलं होतं.

"तेवढंच म्हणते," त्या म्हणाल्या. "जास्त म्हनलं की ह्यांना पुन्ना फोन करावा लागतो."

डॉक्टरांना काही कळलं नाही. आम्ही तिघं हसलो. वहिनींना हसताना दुखलं, तरी हसल्या.

त्या आठवड्याभरात गेल्या. दहावं-तेरावं झाल्यावर भाऊ परत कामाला लागले. पहिल्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी फोन लावला, नाव सांगितलं, आणि "गेल्या महिन्यापेक्षा" म्हणून थांबले. पलीकडचा हॅलो हॅलो करत राहिला. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. ती सगळी यादी त्या दिवशी मीच केली.

पुढं ते लवकरच रिटायर झाले आणि आंबेगावही माझ्याकडं आलं.

*

आंबेगावच्या यादीत घोडेगाव रस्त्यावरचा एक कारखाना होता. पाठीवर घेऊन फवारणी करायचे पंप तिथं बनत. मालक सुभाषराव, साठीच्या जवळचे. बाहेरून बॅटरीचे स्वस्त पंप यायला लागले आणि ह्यांच्या हातानं मारायच्या पंपाला गिऱ्हाईक उरलं नाही. मी जायला लागल्यापासून दर महिन्याला सगळ्या खुणा ‘कमी’वरच पडायच्या. तरी सुभाषराव दर वेळी प्रत्येक प्रश्न नीट ऐकून घ्यायचे, थोडा विचार करायचे आणि मगच ‘कमी’ म्हणायचे.

माणसं एकेक करून चाकणच्या कारखान्यांत गेली. राहिल्या हिराबाई. कारखाना उघडला त्या दिवसापासूनच्या. त्यांचं माहेर मेंढरांमागं गावोगाव फिरणारं. लग्नानंतर एका जागी राहून केलेलं पहिलं काम हेच, असं त्या सांगायच्या. प्रत्येक पंपात पाणी भरून, दांडा हलवून, कुठं गळतो का ते बघणं हे त्यांचं काम. त्यांच्या हातून गेलेला पंप परत आला नाही, असं सुभाषराव म्हणायचे.

शेवटच्या दिवशी मी पोचले तेव्हा मशिनं टेम्पोत चढत होती. माझ्याकडं त्या दिवशी एकच काम होतं, फॉर्मवर ‘बंद’ असा शेरा मारून मालकाची सही घेणं. मी दाराशी उभी राहिले. फॉर्म पिशवीतून काढलाच नाही.

टेम्पो गेला. आतली फरशी मोकळी झाली. जिथं जिथं मशिनं होती तिथं तेलाचे काळे चौकोन राहिले होते. हिराबाईंनी बादली आणली आणि खाली बसून ते चौकोन घासायला लागल्या.

सुभाषराव म्हणाले, "हिराबाई, ऱ्हाऊ द्या आता."

त्यांनी ऐकलं नाही. सगळी फरशी पुसून काढली, फडकं पिळून खिळ्याला वाळत घातलं, हात धुतले. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि रोज संध्याकाळी विचारत असतील तसं विचारलं.

"उद्या आठलाच ना, मालक?"

सुभाषरावांनी हातातल्या कुलपाकडं बघितलं. मग मोकळ्या फरशीकडं.

"आठलाच," ते म्हणाले. "डबा घेऊन या."