बीव्हरवाल्या बोगुताचं बेट

बोगुता म्हाताऱ्या ड्यूकांच्या बीव्हरांचा, म्हणजे दातांनी झाडं पाडून ओढ्यात बांध घालणाऱ्या चपट्या शेपटीच्या प्राण्यांचा, राखणदार होता. बाप राखणदार, आजाही राखणदार. तिथे माणूस धंद्यासकटच जन्माला यायचा. ओढ्यातल्या बीव्हरला ड्यूकांच्या हुकमाशिवाय कुणी काठीही लावायची नाही, आणि मोठ्या उपवासात, जेव्हा मांस वर्ज्य पण मासा चालतो, त्याची शेपटी ताटात आली तर तिला मासा म्हणायचं, एवढं बोगुताचं शास्त्र. बायको सुल्का ओढ्यापलीकडच्या पाववाल्यांच्या वस्तीतली. ती पाव झकास भाजायची आणि नवऱ्याला बोलायचीही झकास.

म्हातारे ड्यूक वारले आणि दोघा मुलांनी वाटणी केली. किल्ले वाटले, चांदीची ताटं वाटली, चर्चमध्ये पूजेला जपलेलं एका संताचं हाडसुद्धा मोडून निम्मं निम्मं घेतलं. ओढा हद्द ठरला. मग माणसं वाटायला घेतली, तीही धंद्यावारी: बीव्हरवाले थोरल्यांना, पाववाले धाकट्यांना. थोरल्यांचा कारभारी नेमीर दारात येऊन म्हणाला की घर आमच्या काठावर, तू आमचा, पण ही बाई जन्माने पाववाली, तेव्हा कापणी झाली की ती पलीकडे जाईल. लग्न झालंय त्याचं काय, असं बोगुताने भीत भीत विचारलं. नेमीर विचारात पडला. वाटणीत लग्न कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

सुल्का पीठ मळत होती. "माझं उजवं अंग इकडे ठेवा नि डावं तिकडे न्या," ती म्हणाली. "संताचं केलंत तसं."

नेमीरने खरोखरच क्षणभर विचार केला. मग म्हणाला, जिवंत माणसाच्या बाबतीत तशी पद्धत नाही.

त्या दिवसापासून बोगुताला वरीची पेजही गिळवेना. जन्मभर तिच्या बोलण्याला वैतागलेला हा माणूस, आता ती जरा गप्प बसली की घाबरायचा.

कापणीच्या तोंडावर बीव्हरांनी घराच्या वरच्या अंगाला बांध घातला. पाणी तुंबलं, फाकलं आणि घराच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागलं. घराचं बेट झालं. आता हद्द कुठली? नेमीर एका काठावरून आणि धाकट्यांचा कारभारी व्शेबोर दुसऱ्या काठावरून घसा बसेपर्यंत भांडले. अखेर ठरलं की बोगुताने बांध फोडायचा. ओढा जुन्या पात्रात सलग आठवडाभर टिकला की हद्द पक्की, आणि सुल्काने निघायचं.

बोगुता हुकमाचा ताबेदार. दिवसा तो बांध फोडायचा, रात्री बीव्हर पुन्हा घालायचे. व्शेबोरने बीव्हरांना शिक्षा करावी तर ते थोरल्यांचे. नेमीर अधूनमधून येऊन कपाळाला हात लावून जायचा. असं सुखाने किती तरी वर्षं चाललं.

मग एका उपवासाला थोरल्यांकडे बिशप आले, बरोबर भुकेला लवाजमा. शेपट्या पुरेनात. शिकाऱ्यांनी ओढा साफ केला, एक पिल्लूही ठेवलं नाही. त्यानंतर बोगुताने फोडलेला बांध सकाळीही फुटलेलाच होता. घरामागचं पाणी ओसरत चाललेलं पाहून तो काठावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

सुल्का पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने पाण्याकडे पाहिलं, घागरा खोचला आणि कमरेइतक्या गार पाण्यात उतरली.

"रडताय काय? ती फांदी द्या इकडे."

तेव्हापासून दिवसा तो एकटा हुकमाप्रमाणे बांध फोडायचा आणि अंधार पडला की दोघं मिळून तो घालायची. चिखल थापताना ती त्याला नावं ठेवायची, आणि त्याला फार बरं वाटायचं. दोघांचे केस पिकले, गुडघे गेले. बांध थोडा वाकडा होऊ लागला.

नेमीरही म्हातारा झाला होता. एकदा काठीवर रेलून तो बराच वेळ बांधाकडे बघत राहिला.

"बोगुता, बीव्हर तर एकही दिसत नाही रे. पण खमके आहेत तुझे."

"लाजाळू आहेत, मालक," बोगुता म्हणाला. "नर थकलाय आता. पण मादी ऐकत नाही."