बाईंचं जिवंत पाणी

आमच्या शाळेतल्या बाई पाणी चावून पीत. घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे, घास चावावा तसा जबडा हलवायचा आणि मग गिळायचं. डहाणूतल्या त्यांच्या ओट्यावर कुणी नवं माणूस आलं की त्यालाही तांब्याच्या पेल्यातून पाणी देत आणि बजावत, "गटागट नको. हे जिवंत पाणी आहे. नळाचं मेलेलं असतं."

हे खूळ निवृत्तीनंतरचं. मोबाईलवर कुणाकुणाचे व्हिडिओ पाहून त्यांनी घरातलं फिल्टरचं यंत्र शेजारणीला देऊन टाकलं. शेजारीण म्हणाली, "बाई, मला मेलेलं पाजून तुम्ही जिवंत पिणार होय?" बाई मनापासून हसल्या. पण यंत्र परत घेतलं नाही.

ते जिवंत पाणी मी आणत असे. माझं घर तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यावर, नोकरी डहाणूला. दर सोमवारी मोटरसायकलला कॅन बांधून मी पाड्याच्या झऱ्याचं पाणी त्यांच्याकडे पोचवायचो. शाळेत मी मागच्या बाकावरचा. बाई मला 'डोंगर' म्हणत, तेही हजेरी घेतानाच. आता पाहुण्यांसमोर त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "हा माझा विद्यार्थी. असलं पाणी मुंबईच्या शेठलाही मिळायचं नाही." ते ऐकायला मी सोमवारची वाट बघायचो.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. त्या झऱ्याचं पाणी आमच्या घरी कुणी पीत नव्हतं. वरच्या अंगाला कुणा शहरवाल्याने फार्महाऊस बांधलं होतं. त्याच्या संडासाचा शोषखड्डा माझ्याच भावाने रोजावर खणला. पुढच्या पावसाळ्यात पाड्यातली पोरं जुलाबाने आडवी झाली आणि बायकांनी झऱ्यावर हंडे नेणं सोडलं. आम्ही बोअरचं पाणी उकळून प्यायला लागलो. आई विचारायची, "त्या बाईस सांगलंस ना?" मी म्हणायचो, "त्या गाळून, उकळून पितात." आई माझ्या हातातल्या कॅनकडे बघायची. तरी कॅन मी भरायचोच. पाणी दिसायला काचेसारखं होतं.

त्या पावसाळ्यात बाईंची भाची वैशू वाणगावहून बाळंतपणाला आली. तिला आई नव्हती. बाईंनी माझ्यादेखत तिला पेला भरून दिला. "पोटातल्याला पण कळू दे चव." वैशू तोंड वाकडं करून म्हणाली, "मावशी, चावता येईल असं काही खायला दे ना." दोघी हसल्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी रिकामा कॅन उचलून निघालो.

मग बाई पिवळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, पाण्यातून आलेली. आणि वैशूच्या पोटाकडे बघून म्हणाले, हिला झाली तर अवघड. त्या दुपारी वैशू तपासणीला गेली असताना मी मोरीत कॅन ओतायला लागलो. आवाज ऐकून बाईंनी खाटेवरून विचारलं, "काय करतोयस रे?"

"ओतून टाकतोय."

"का?"

मी कॅन आणखी तिरका केला. शाळेत विचारायच्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "घरी तुम्ही कुठलं पिता?"

"बोअरचं. उकळून."

"कधीपासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून."

खाट करकरली, बाईंनी भिंतीकडे कूस वळवली. कॅन रिकामा होईपर्यंत मी तसाच वाकून उभा. पाठीमागे वळायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी वैशू आली. तिला जवळ बसवून बाई म्हणाल्या, "पावसाळ्यात झरा गढूळ होतो. हा मला सांगत होता, मीच ऐकलं नाही. आता उकळूनच प्यायचं हं." मी दारातच होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बाई खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं.

नवरात्राच्या आधीच बाई गेल्या. दिवस करताना लोक मला म्हणाले, पोटच्या मुलाने केलं नसतं एवढं केलंस. मी मान खाली घालून जेवलो. त्यापुढे वैशूचा फोन वाजला की मी तो दोन-तीनदा वाजू द्यायचो, मग उचलायचो. डॉक्टर म्हणाले होते, पाणी बंद केल्यावरही हा आजार उशिरा डोकं वर काढतो. तिला काही झालं नाही. मुलगा झाला, सुखरूप. मला वाटलं, सुटलो.

परवा तिचा फोन आला. "दादा, पाऊस कधीचाच संपला. बाळाला आता वरचं पाणी द्यायला सांगितलंय. मावशीची किती इच्छा होती. पहिला घोट तुमच्या झऱ्याचाच देते. सोमवारी आणाल ना?"

नाही म्हणायला एखादी सबब पुरली असती. झरा आटला म्हणालो असतो. पण पुढच्या पावसात झरा भरतो, आणि वैशू विचारायची थांबली नसती. मी सगळं सांगितलं. शोषखड्डा, भाऊ, पाड्यातली पोरं, आईचा प्रश्न, तो पेला तिच्या हातात जाताना मी तिथेच उभा होतो ते.

मग तिने एवढंच विचारलं, "मावशीला माहीत होतं?"

"शेवटी कळलं."

तिने फोन ठेवला नाही. पलीकडे बाळ दूध पीत असावं, तेवढा आवाज येत होता. माझ्यानेही फोन ठेववत नव्हता.