बाहेरून दहावी
परवा भडगावच्या बाजारात एका टपरीवर रॉकेलच्या स्टोव्हचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. हे फौजेत, काश्मीरला होते तेव्हा मी बाहेरून दहावीला बसले होते. शेणपाणी, भाकरी, धुणं उरकून भूमितीचं पुस्तक उघडलं, की अंगणातून कुणीतरी विचारायचं, ‘पोऱ्यानी काही खबर उनी का?’ फौजीची खुशाली विचारायला आलेलं माणूस चहाशिवाय जाता कामा नये, हा सासूबाईंचा नेम. ‘च्या ठेव वं!’ गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळीच रेडिओवर सीमेवरच्या गोळीबाराची बातमी आली. अख्खी गल्ली अंगणात जमली आणि मी स्टोव्हला पंप मारत असतानाच परीक्षेला न्यायची पारोळ्याची एसटी निघून गेली. पुढे हे सुटीवर आले. बाजेवर बसून म्हणाले, ‘तिकडे बर्फात रोज पहाटे उठून मी इंग्रजी शिकलो. तू तर घरीच होतीस, दहावी तरी काढून टाकायची!’ उत्तर अगदी तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात यांना भेटायला माणसं आली, आणि माझ्याकडे न बघताच हे म्हणाले, ‘चहा ठेव.’