गच्चीचा घासलेला कोपरा

आमच्या गच्चीचा एक कोपरा मी रविवारी ॲसिड टाकून लख्ख घासला. तिरुवल्लिकेणीत राहायला येऊन वर्ष झालं होतं, म्हटलं आपण इंजिनियर, इमारतीसाठी काहीतरी करावं.

तो कोपरा खालच्या मजल्यावरच्या बाईंचा निघाला. बाई तंजावरकडच्या मराठी, शाळेत विज्ञान शिकवतात. तिथे आधी शेवाळ आलं, शेवाळात माती साठली, मातीत गवत, मग पिंपळाचं रोप. चार वर्षं त्यांनी हे नुसतं येऊ दिलं होतं. तिथे जाताना त्या देवळात जावं तशा चपला काढत. बोलताना स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देत. ‘आज दही आंबट. का बरं? उकाडा!’

सोमवारी त्या हेच दाखवायला नववीचा वर्ग घेऊन वर आल्या. समोर उघडं सिमेंट. मी माफीची जुळवाजुळव करतोय तोवर त्यांनी पर्समधून खडू काढला आणि कठड्यावर लिहिलं, ‘पहिला दिवस’.

मग तमिळमध्ये तास सुरू झाला. माती उरली असती तर गवत लगेच परतलं असतं, आता शेवाळापासून सगळं नव्यानं, का बरं? या खेपेला त्या माझ्याकडे बघून उत्तरासाठी थांबल्या. अख्खा वर्गही माझ्याकडे बघू लागला.

‘मिस, इथे आग लागली होती?’ एका मुलीनं विचारलं.

बाई पुन्हा माझ्याकडे वळल्या आणि फक्त ‘धाकट्या भावा’साठी तमिळ शब्द ठेवून मुद्दाम मराठीत म्हणाल्या, ‘आगीनं माती तरी ठेवली असती, तंबी. तू पडलास इंजिनियर.’